चौथा ओंडका

तेवीस वर्षं मी या शाळेचं वेळापत्रक करते.
शिसपेन, फूटपट्टी, खोडरबर,
आणि भिंतीवर भरती-ओहोटीचा तक्ता,
कारण आमचा पहिला तास समुद्र ठरवतो.

चिलोएच्या या टोकाला
पाच बेटांवरून मुलं येतात, तीन लाँचमधून.
ओहोटी असली की धक्क्यापाशी पाणी पुरत नाही.
मग बूट हातात, दप्तर डोक्यावर,
चिखल तुडवत येतात नववी-दहावीची पोरं
आणि गणिताला अर्धा वर्ग ओला बसतो.
हजेरीपटात तीन रकाने आहेत:
हजर, गैरहजर, समुद्रावर.
उशीर असा रकाना नाही.

घंटाही नाही. होती.
पहिल्या मुख्याध्यापिका, दोन्या इल्दा, यांनी ती उतरवली.
म्हणाल्या, विचार चालू असताना
कुणाच्या डोक्यात पितळ आपटू नये.
आता ती स्वयंपाकघरात उलटी ठेवलीय,
एदुविना तिच्यात लसूण ठेवते.

तास मोजते तीही एदुविनाच.
मधल्या दालनात मोठी लोखंडी शेगडी आहे,
एक ओंडका म्हणजे एक तास.
ओंडका बसला, निखारे झाले, की विषय बदलायचा.
लाकूड ओलं निघालं तर इतिहास लांबतो.
जुलैच्या थंडीत तर स्वातंत्र्यलढा
जेवणाच्या सुट्टीपर्यंत संपत नाही.
रोसाउरो सर कुरकुरतात,
रसायनशास्त्राच्या वाट्याला नेमकी वाळकी काटकी येते म्हणून.
मी म्हणते, सर, थोडक्यात शिकवा.

तत्त्वज्ञान? आहे ना.
दर्शनी भिंतीवर चौकटीत लावलंय.
दमट हवेनं बहुतेक ओळी खाल्ल्या, उरलंय ते इतकंच:
'मूल ज्या वाटेनं येतं, ती वाट'
पुढे काय होतं, कुणालाच आठवत नाही.
म्हणून दरवर्षी नव्या मुलांकडून
ते वाक्य पुरं करून घेतो.
यानिरा मिय्यालोंकोनं लिहिलं:
'घसरडी आहे, कठडा लावा.'
लावला. सुतारकामाच्या तासाला, तिच्याकडूनच.

एकदा मुख्य भूमीवरून एक साहेब आले.
आठ म्हणजे आठ, असं म्हणाले.
मी मान डोलावली,
त्यांच्यासाठी वेगळं वेळापत्रक केलं,
शाईनं, सरळ रेघांचं, बिनसमुद्राचं.
ते फायलीत सुखरूप आहे.

खरं वेळापत्रक यंदा मी केलंच नाही.
मंगळवारचे तास मला हल्ली बुधवारात दिसतात,
म्हणून इस्माएल नागिलला हाताशी घेतलं.
शेवटच्या वर्षाचा मुलगा.
शिंपल्यांच्या दोऱ्या ओढून तळहात फाटलेले,
वर्गात दोन वर्षं तोंड उघडलेलं नाही.
आठवडाभर तो त्या कागदाशी झोंबत बसला:
ओहोटीचे आकडे, लाँचचं डिझेल, सरांची कंबर.
शिक्षकांत कोण कुणाशी बोलत नाही,
तेही त्याला ठाऊक होतं.

शुक्रवारी कागद आणून ठेवला.
मी चौकोन न् चौकोन तपासला,
बोट ठेवायला जागा नव्हती.
फक्त बुधवारी, चौथ्या ओंडक्याला,
माझ्या नावापुढे काहीच नाही.

'इथे राहिलं का रे काही?'
'नाही.'
'मग मी काय शिकवायचं?'
तो खिडकीकडे बघत म्हणाला,
'जुने कागद पाहिले मी. तेवीसच्या तेवीस.
तुम्हाला मोकळा तास कधी नव्हताच.'

मी खोडरबर उचललं.
परत ठेवलं.

बुधवारी धक्क्यावर गेले.
पाणी ना चढत होतं, ना उतरत.
लाँचमध्ये बार्रिया टोपी तोंडावर घेऊन घोरत होता.
यानिराच्या कठड्याला हात टेकून उभी राहिले,
एका जागी खिळा जरा वर आलाय, तो दाबून पाहिला.
किती वेळ झाला, काही कळेना.
वळून शाळेच्या धुराड्याकडे पाहिलं:
धूर अजून दाट, पांढराशुभ्र.
एदुविनाला नेमका आजच
ओला ओंडका सापडला होता.